एकोणीस नंबरच्या पुढे

१

ऑफिसात तिला सगळे भिंगबाई म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि तिलाही त्याचं काही वाटायचं नाही. बावीस वर्षं ती एकच काम करत होती. ऑपरेटिंग सिस्टीमच्या पोटातला नेटवर्कचा कोड ओळ न् ओळ वाचायचा आणि त्यातल्या चुका वेचून काढायच्या. एकदा चूक डोळ्यांत आली की ती तिचा पिच्छा सोडत नसे. "हिच्याशी संसार म्हणजे रोज परीक्षा," असं नवरा पाहुण्यांना सांगायचा, आणि वर "मी दरवर्षी काठावर पास होतो," असंही.

बोगद्याचं काम तिच्याकडे आलं ते एका साध्या तक्रारीवरून. चार किलोमीटरचा रस्त्याचा बोगदा. आत भिंतीत एकोणीस खोल्या, कपाटापेक्षा जरा मोठ्या, आणि प्रत्येकीत मदतीचा एक फोन. गाडी बंद पडली, धूर झाला, तर दार उघडून रिसीव्हर उचलायचा. कंट्रोल रूममध्ये त्या नंबरचा दिवा लागतो आणि तिथला माणूस बोलतो. सोळा फोन ठणठणीत होते. सतरा, अठरा आणि एकोणीसचा दिवा लागायचा, पण आवाज यायचा नाही.

कंट्रोल रूममध्ये एक काका बसायचे. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी तिच्यापुढे रजिस्टर ठेवलं. तीन वर्षांत एक्केचाळीस नोंदी, सगळ्या त्या तीन फोनांच्या. प्रत्येकीपुढे सुवाच्य अक्षरात लिहिलेलं: 'दिवा लागला. कोणी बोललं नाही.'

"मला वाटायचं, पोरं चेष्टा करतात," काका म्हणाले. "बोगद्यात पोरं कुठून येणार, हा विचार मी केलाच नाही बघा."

बोगदा दुरुस्तीसाठी आठवडाभर बंद होता. सोमवारी उघडायचा होता.

२

चूक तिला दीड दिवसात सापडली. आवाज फोनातून छोट्या छोट्या पॅकेटांत येतो. आत काय आहे, म्हणजे आवाज की चित्र की आणखी काही, ते सांगणारा एक आकडा प्रत्येक पॅकेटावर असतो. वाटेत ज्या जोडपेटीतून पॅकेट जातं, ती त्याच्या पुढच्या बाजूला आपला एक टॅग चिकटवते. सोळा फोनांच्या वाटेत एकच पेटी होती, शेवटच्या तिघांच्या वाटेत दोन. कोड फक्त पहिला टॅग सोलायचा आणि खालचा दुसरा टॅग हाच आतला आकडा आहे असं समजायचा. मग असला कुठला आकडा आपल्याला माहीत नाही म्हणून अख्खं पॅकेट फेकून द्यायचा. मुकाट्याने, कुठे नोंद न करता.

"म्हणजे लोक बोलत होते," काका म्हणाले.

"बोलत होते. मशीन ऐकत नव्हतं."

काकांनी रजिस्टर मिटलं आणि पुन्हा उघडलं नाही.

तिने कोड बदलला. टॅग मिळत राहील तोवर सोलत जायचं, खरा आकडा सापडेपर्यंत. मात्र अशा फेऱ्याला कुठेतरी मर्यादा लागते. पॅकेटाच्या पुढे टॅगांसाठी जागा राखलेली असते ती आठांपुरती, म्हणून तिने मर्यादा आठ ठेवली. दोनाच्या पुढे कशाला काय जातंय, असं तिला तेव्हा वाटलंही.

चाचणीसाठी बोगद्याचा वायरमन आत गेला. अंगाने आडवा, तोंडाचा पट्टा सतत चालू, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. सतरा नंबरवरून त्याचा आवाज खणखणीत आला. "एक, दोन, तीन! काका, घरी मास्तरीणबाईंना सांगा, नवरा कामाचा आहे!" मास्तरीणबाई म्हणजे त्याची बायको. ती त्याच्या प्रत्येक वाक्यात चूक काढते म्हणून त्याने ठेवलेलं नाव. अठरावरून आवाज आला, एकोणीसवरून आला. काकांनी टाळी वाजवली. बोगद्याचे इंजिनियर साहेबही आतल्या केबिनमधून बाहेर येऊन हसले.

पाऊण तासाने वायरमन परत आला. चहाचा कप घेऊन भिंतीला टेकून उभा राहिला. दमला असावा. काही बोलला नाही.

३

साडेअकराला स्पीकर खरखरला.

फलकावर एकोणीस दिवे होते आणि त्यातला एकही लागला नव्हता. दिव्यांच्या वायरी वेगळ्या असतात, हे भिंगबाईला माहीत होतं. तिने आधी स्क्रीनकडे पाहिलं. पॅकेटं येत होती. प्रत्येकावर तीन टॅग.

"एक, दोन, तीन," स्पीकर म्हणाला. "काका? ऐकू येतंय का?"

आवाज वायरमनचा होता. वायरमन तिच्यापासून चार हातांवर कप धरून उभा होता.

मग वायरमन सावकाश म्हणाला, "माझाच आवाज फिरून आला असणार."

पटण्यासारखं होतं. एखादी वायर उलट जोडली गेली की पॅकेट त्याच पेटीतून पुन्हा फिरतं आणि दर फेरीला एक टॅग वाढतो. तिने असे फेरे पूर्वी पाहिले होते. ती स्वतःशी मान डोलावत होती तेवढ्यात स्पीकर पुन्हा बोलला.

"काका, एकोणीसचा फोन झाला. मागे फिरलो, तर इथे अजून एक फोन. दारावर वीस लिहिलंय. हे कधी बसवलं?" मग जरा हसल्यासारखा आवाज. "वाट चुकलो की काय? बोगद्यात कसली आलीये वाट चुकायला!"

काका माइकमध्ये ओरडले, "आहेस कुठे तू?" पण पलीकडे ते पोचलं नाही. उत्तराच्या पॅकेटांवर मशीन दोनच टॅग लावत होतं.

"मी असं काही बोललो नाही," तिच्या बाजूला उभा असलेला वायरमन म्हणाला. कपातला चहा तसाच होता, वर साय धरलेली.

४

दुपारी ती आणि काका आत गेले. वायरमन पाय दुखतात म्हणून मागेच राहिला.

गाड्या नसल्या की बोगदा फार मोठा वाटतो. छताचे पंखे बंद होते, पायांचे आवाज पुढे जाऊन परत येत होते. तिने दोन्ही जोडपेट्या उघडून वायर न् वायर तपासली. उलट काहीच जोडलेलं नव्हतं. फेरा असता तर जुनीच पॅकेटं पुन्हा आली असती. ही नवी होती, क्रमांक पुढे पुढे सरकत होते. तिने ते वहीत लिहिलं. लिहिलं की तिचा हात स्थिर राहायचा.

एकोणीसची खोली त्यांनी शेवटी उघडली. सिमेंटच्या तीन भिंती, एक फोन, खाली वायरमनच्या बुटांचे ठसे. आत जाणारे. बाहेर येणारे तिला दिसले नाहीत. पण धूळ सगळीकडे सारखी नव्हती, त्यावरून काही ठरवता येत नव्हतं, हेही तिने स्वतःला सांगितलं. पुढे तीनशे पावलांवर बोगदा संपत होता. उजेड दिसत होता, बाहेरची झाडं दिसत होती. वीस नंबर कुठेही नव्हता.

ती दार लावणार इतक्यात काकांनी तिचा हात धरला.

मागच्या भिंतीच्या पलीकडून, फार लांबून, रिसीव्हर आपटून ठेवल्यासारखा आवाज आला. मग चालण्याचा. मग किल्ल्यांचा जुडगा वाजला, बारीक, दूर दूर जात.

"पलीकडे काय आहे, काका?"

"डोंगर," काका म्हणाले.

परत आल्यावर काकांनी स्पीकर लावला तेव्हा पॅकेटांवर चार टॅग होते.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी टॅग पाच झाले. आवाज बसला होता. "एकवीस झाला, बावीस झाला," तो सांगत होता. "उजेड पुढेच दिसतो, म्हणून पुढेच चालतोय. पाणी नाही. काका, कोणी असेल तर नुसतं हं म्हणा."

वायरमन केबिनच्या दाराशी खुर्ची टाकून बसला होता. हात मांडीवर, पाठ ताठ. त्याच्या किल्ल्या कुठेत, असं काकांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "आणतो," आणि बसूनच राहिला.

दहाच्या सुमारास त्याची बायको आली. नवरा डबा विसरला म्हणून डबा घेऊन आली होती. तो त्याच्या हातात देऊन ती निघाली, पण जिन्यापर्यंत जाऊन परत आली आणि भिंगबाईला बाजूला घेतलं.

"ताई, ह्यांना इथे काही लागलंय का? डोक्याला वगैरे?"

"का हो?"

"काल घरी आले आणि मला नावाने हाक मारली." ती ओशाळून हसली, पण डोळे हसले नाहीत. "अठरा वर्षांत कधी मारली नाही. रात्रभर बोलले नाहीत. नुसते माझ्याकडे बघत होते, शिकल्यासारखे."

स्पीकर नेमका तेव्हा खरखरला. "काका, मास्तरीणबाईंना सांगा हो, उशीर होईल. चिडू नकोस म्हणावं."

ती जागच्या जागी बसली. भिंगबाईने तिला पाणी दिलं. मग म्हणाली, "वहिनी, मी त्यांच्याशी बोलायची सोय करते. ते झाल्याशिवाय मी इथून हलत नाही."

६

इंजिनियर साहेबांना हे सगळं नको होतं. त्यांना सोमवारी बोगदा उघडायचा होता, आणि त्यांचा माणूस तर समोर खुर्चीत बसलेला होता.

"बाई, वायरमन इथे आहे. तुमच्या कोडात काहीतरी गोंधळ आहे."

"असेल. तो मी शोधतेय."

"शोधायचं कशाला? आपल्याकडे पेट्या दोनच. मर्यादा दोन करा, जास्त टॅगवालं सगळं फेकून द्या. विषय संपला."

"तीन वर्षं हेच चालू होतं, साहेब. न ओळखता येणारं फेकून द्यायचं. काकांचं रजिस्टर बघा."

खुर्चीतला वायरमन हसला. दोन दिवसांत पहिल्यांदाच. "दोनच ठेवा ना, बाई," तो गोड आवाजात म्हणाला. "सगळं नीट चाललंय."

ते इतक्या मायेने म्हटलेलं होतं की तिने वळून त्याच्याकडे पाहिलं. आपल्याला झोप कमी पडतेय, असं तिने मनाला बजावलं. काकांनाही कमी पडत असेल. वहिनींनाही. सगळ्यांना एकाच वेळी एकच भास होण्याइतकी कमी पडत असेल का, हा प्रश्न तिने वहीत लिहिला नाही.

ती कामाला लागली. येणारं पॅकेट ओळखणं झालं होतं. आता जाणाऱ्या उत्तरावर तितकेच टॅग, त्याच क्रमाने चढवायचे होते. ऐकायला सोपं, पण कोडात त्याला पाच ठिकाणी हात लावावा लागणार होता, आणि एक जागा चुकली तर अख्खं मशीन बंद पडलं असतं. तिने एक एक जागा घेतली. दुपारी सहा टॅग झाले; आठाच्या पुढचं पॅकेट मशीन फेकून देणार होतं. नवऱ्याचा फोन आला. "जेवलीस का?" "नाही." "कधी येतेस?" "आठ व्हायच्या आत आवरायचंय." "आठ वाजता?" "वाजता नाही," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

चारच्या सुमारास सात टॅग झाले. आवाज आता कुजबुजीएवढा होता. तो दारांवरचे आकडे पुन्हा पुन्हा मोजत होता, हरवू नयेत म्हणून. भिंगबाईने शेवटची ओळ तपासली, मशीनमध्ये नवा कोड चढवला आणि माइक ओढला.

"वायरमन दादा, मी नेटवर्कवाली बाई बोलतेय. ऐकू येतंय का?"

स्पीकरमधून एक हुंदका, मोठ्या माणसाचा, दाबलेला.

"बाई, येतंय. येतंय!"

"उजेडाकडे चालू नका. पाठ फिरवा आणि अंधाराकडे या. प्रत्येक फोन उचला, आकडा सांगा. मी उतरते आकडे मोजतेय. मी जागची हलणार नाही."

७

सहा टॅग. मग पाच. प्रत्येक आकड्याच्या मध्ये वीस मिनिटं, कधी तीस. काका देवाचं नाव घेत होते आणि मध्येच चिडून दिव्यांच्या फलकाकडे बघत होते. वहिनी माइकजवळ बसून बोलत होत्या, तो पुढच्या फोनपाशी पोचायच्या आधी आणि नंतरही. "हळू चाला. सरळ चाला. परवा नळ नीट बसवला नाहीत तो अजून गळतोय, तो कोण बघणार?"

चार टॅग झाले तेव्हा खुर्चीतला वायरमन उठला.

"मी बघून येतो," तो म्हणाला.

साहेब दारात उभे होते. त्याला अडवायला त्यांनी हात वर केला आणि तो तसाच खाली आला. नंतर ते सांगत की त्याच्या अंगाला माणसाची ऊब नव्हती, एवढंच. त्याहून जास्त त्यांनी कधी सांगितलं नाही.

बॅटरी न घेता तो बोगद्यात शिरला. कॅमेऱ्यांच्या पडद्यावर तो एकेका चौकटीतून जाताना दिसत होता, न थांबता, हात न हलवता. एकोणीसच्या दारापुढे येऊन तो थांबला.

तीन. मग फलकावर एकोणीसचा दिवा लागला.

"बाई, पोचलो. एकोणीस." मग आवाज खाली गेला. "दाराबाहेर कोणीतरी उभंय."

वहिनींनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. भिंगबाईने वही ओढली. आपण कोणाला बाहेर आणतोय आणि कोणाला आत पाठवतोय, याचा पुरावा तिच्या वहीत नव्हता. होते ते फक्त एका माणसाचे आकडे, जे त्याने तहानेने मरत असतानाही चुकू दिले नव्हते.

"त्याच्याकडे बघू नका," ती म्हणाली. "बोलला तरी उत्तर देऊ नका. दार उघडा, डावीकडे वळा आणि चालत या. आत्ता."

दार उघडलं. कॅमेऱ्याची चौकट क्षणभर गोठली, तेवढ्यात दोघे एकाच चित्रात होते. एकाची पाठ होती. दुसऱ्याचा चेहरा कॅमेऱ्याकडे होता. चेहरा वायरमनचाच, पण कोणीतरी आठवून आठवून काढलेल्या चित्रासारखा. डोळे, नाक, ओठ सगळं जागच्या जागी, आणि जे आठवलं नव्हतं तिथे नुसतं सपाट. काकांनी मान फिरवली. तिने फिरवली नाही.

चित्र पुन्हा हललं तेव्हा एक जण बोगद्यातून पळत होता आणि एकोणीसचं दार आतून लागत होतं.

८

तो आला तेव्हा त्याच्या बुटांना तळ उरले नव्हते. पायांची कातडी निघाली होती. तो लागोपाठ तीन बाटल्या पाणी प्यायला, ओकला आणि पुन्हा प्यायला. मग बायकोला म्हणाला, "मास्तरीणबाई, नळ वायसरमुळे गळतोय, मी बसवलाय तो बरोबरच आहे." तिने त्याला आधी एक चापट मारली, मग मिठी.

एकोणीसचं दार साहेबांनी त्याच संध्याकाळी वेल्डिंग करून घेतलं. वायरही कापली. सोमवारी बोगदा उघडला. मर्यादेबद्दल त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

भिंगबाईने आपला बदल जगभरचे जे लोक तो कोड सांभाळतात त्यांच्याकडे पाठवला. तिथे वाद झाला. दोन टॅग पुरे असताना आठ कशाला, असं तिघांनी विचारलं. तिने लिहिलं की न ओळखलेलं पॅकेट मुकाट्याने फेकणं हीच मूळ चूक आहे, आणि ती दोनावर थांबून सुधारत नाही. बाकीचं तिने लिहिलं नाही. ती दोन आठवडे हटली नाही. शेवटी त्यांनी बदल घेतला. पुढच्या महिन्यात तो असंख्य मशीनांत गेला, कोणाच्या लक्षात न येता.

नंतर सहा आठवड्यांनी, रविवारी दुपारी, तिला एक अनोळखी मेल आला.

'मी एका खाणीत फोनवर बसते. तुमचा बदल घेतल्यापासून आमच्या स्पीकरवर एक आवाज येतोय. पॅकेटांवर पाच टॅग दिसतात. आवाज आमच्या पंपवाल्याचा आहे. पंपवाला आत्ता माझ्या समोर बसलाय. काय लिहितेस, असं मघापासून विचारतोय. मी काय करू?'

भिंगबाईने मेल दोनदा वाचला. नवरा आतून काहीतरी विचारत होता. तिने उभ्यानेच उत्तर लिहिलं.

'त्याला सांगा, घरी पत्र लिहितेय. त्याला माइकजवळ येऊ देऊ नका. सोबत उत्तरावर टॅग चढवणारा कोड पाठवतेय, तो आत्ता चढवा आणि आवाजाशी बोलायला लागा. उजेडाकडे चालू नको म्हणावं. पत्ता कळवा. मी निघाले.'

मग तिने कपाटावरची बॅग काढली.